शर्यतच नसेल तर जिंकायची कुठे?

टूर द फ्रान्सचे संचालक ख्रिस्तियान प्रुदोम यांना खुले पत्र



२६ जुलै २०२५ रोजी महिलांच्या टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा प्ल्यूमलेकच्या चढावर संपला. अगदी शेवटापर्यंत फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो पुढे होती. तिच्याच संघातली मारियान व्होस मागून आली, रेषेच्या तोंडाशी तिला ओलांडून गेली आणि आघाडीची पिवळी जर्सी व्होसच्या अंगावर चढली. तेव्हा व्होसचे वय होते ३८. वरिष्ठ गटातले पहिले विश्वविजेतेपद तिने जिंकले २००६ साली. म्हणजे त्या दिवशी तिच्या मागे राहिलेल्यांत अशाही मुली होत्या, ज्या तेव्हा नुकत्याच चालायला शिकल्या असतील.

शर्यत आपल्या संस्थेची, त्यामुळे अभिनंदनाचा काही वाटा आपलाही आहे. तो मनापासून देतो आणि लगेच एक प्रश्न पुढे ठेवतो. एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती झालेल्या या सायकलपटूला महिलांच्या टूरमधला पहिला टप्पा जिंकायला पस्तिसावे वर्ष का उजाडावे लागले? तिच्या पायांत कमी होते म्हणून नव्हे. त्यातल्या बारा मोसमांत जिंकायला टूरच नव्हती. खेळाडूची कारकीर्द ताकदीने आणि मेहनतीने घडते, हे आपण सगळेच म्हणतो. पण तिच्या काळात कोणत्या शर्यती भरवल्या गेल्या आणि कोणत्या भरवल्याच गेल्या नाहीत, यावरही ती तितकीच घडते. आणि हे ठरते ते आपल्यासारख्यांच्या कार्यालयात. म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. महिलांची टूर २०२२ मध्ये ८ टप्प्यांची होती, २०२५ मध्ये ९ टप्प्यांची झाली. ती पुढे कुठवर आणि कोणत्या वर्षापर्यंत वाढणार, याचे वेळापत्रक आपण जाहीर करावे. आणि टप्पा जिंकणाऱ्या स्त्रीला टप्पा जिंकणाऱ्या पुरुषाइतकेच बक्षीस द्यावे.

मी महाराष्ट्रातून लिहितो आहे. सायकल शर्यतीचे वेड इथे जुने आहे. मुंबई–पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्यामुळे आपल्याकडच्या लाल ठिपक्यांच्या जर्सीचे मोल इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. टूर हे या खेळाचे शिखर आहे आणि शिखरावर जे ठरते ते उतरत उतरत पायथ्याच्या गावापर्यंत पोहोचते. मुलींच्या शर्यतीचे अंतर कमी ठेवणारा, बक्षिसाची रक्कम निम्म्याहून खाली आणणारा जगातला कुठलाही आयोजक आज निर्धास्तपणे म्हणू शकतो की, टूरमध्येसुद्धा असेच असते. आपल्या निर्णयांवर बोलण्याचा अधिकार मी एवढ्यापुरताच मागतो.

आता व्होसविषयी. आपण तिला जवळून पाहिले आहे, पण मराठी वाचकांतल्या अनेकांना तिचे नावही ऐकून ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मारियान व्होस नेदरलँड्सच्या दक्षिणेकडची, नोर्ड-ब्राबांत प्रांतातली. जन्म १३ मे १९८७. भाऊ सायकलच्या सरावाला जायचा, त्याच्या पाठोपाठ सहाव्या वर्षी तीही जाऊ लागली आणि आठव्या वर्षी शर्यतीत उतरली. तिने एकच एक प्रकार कधी धरला नाही. हिवाळ्यात सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल, वाळू आणि अडथळ्यांतून जाणारी शर्यत, जिच्यात प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन पळावे लागते. एरवी रस्ता आणि ट्रॅक. २००४ मध्ये ती रस्त्यावरची ज्युनियर विश्वविजेती झाली. २००६ च्या जानेवारीत सायक्लोक्रॉसचे वरिष्ठ विश्वविजेतेपद आणि त्याच वर्षी सप्टेंबरात साल्झबर्गला रस्त्यावरचेही. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचे विश्वविजेतेपद. तीन वेगवेगळ्या प्रकारांत जगज्जेती, आणि एकविसावा वाढदिवस अजून यायचा होता.

तिची कारकीर्द समजायची तर तिच्या ट्रॅककडे आधी पाहावे लागते. बंदिस्त व्हेलोड्रोमची धावपट्टी २५० मीटरची, लाकडी पट्ट्यांची, वळणावर चाळीस अंशांहून जास्त तिरपी. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच आणि पेडल मागच्या चाकाला कायम जखडलेले. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. पॉइंट्स रेसमध्ये बीजिंग ऑलिंपिकला बायकांना अशा १०० फेऱ्या होत्या, एकूण २५ किलोमीटर. दर दहाव्या फेरीला स्प्रिंट आणि पहिल्या चौघींना ५, ३, २, १ असे गुण. एखादीने सगळ्या घोळक्याला एक पूर्ण फेरी मागे टाकले, तर एकदम २० गुण.

नियम ऐकायला सोपा, पण शर्यत अतिशय फसवी. प्रत्येक स्प्रिंटला जीव तोडून गेलात तर निम्म्यावर पाय संपतात. थांबून राहिलात तर गुण जातात. फेरी घ्यायला एकटीने निघालात आणि मागच्यांनी एकी केली, तर शंभर मीटरांवर राहून दमछाक होते, हातात काहीच पडत नाही. कोण थकली आहे, कोणाला कोणाचा पाठलाग करायचा नाही, कोणत्या क्षणी सगळ्याजणी एकमेकींकडे पाहत बसतील, हे ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात, नाडी कानात वाजत असताना ओळखावे लागते. १८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या लाओशान व्हेलोड्रोममध्ये व्होसने तो क्षण ओळखला, घोळक्याला एका फेरीने मागे टाकले आणि ३० गुणांवर शर्यत संपवली. रौप्यपदक मिळवणाऱ्या क्युबाच्या योआंका गोन्झालेझचे गुण होते १८. व्होस त्या वेळी २१ वर्षांची होती.

पुढे रस्त्यावर तिने जे जिंकले, त्यात मला ही शंभर फेऱ्यांची शाळा दिसते. रस्त्यावरच्या तिच्या विजयांची संख्या अडीचशेच्या वर गेली आहे. ती घाटातली सर्वांत वेगवान नव्हती आणि सपाटीवरच्या निव्वळ स्प्रिंटमध्ये तिच्याहून वेगवान मुली होत्या. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला, दहाजणी उरलेल्या असताना, कोणती चाल खरी आणि कोणती हूल, हे तिच्याइतके अचूक दुसरी कोणी वाचत नव्हती.

त्या सुवर्णपदकाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. बीजिंगनंतर पॉइंट्स रेस हा स्वतंत्र प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. चार वर्षांनी लंडनमध्ये आपले पद राखण्याची संधी व्होसला मिळालीच नाही. ती शर्यत आता ओम्नियम नावाच्या एकत्रित स्पर्धेचा एक भाग होती. या निर्णयाची दुसरी बाजूही मी प्रामाणिकपणे मांडतो. बीजिंगमध्ये ट्रॅकवर पुरुषांचे ७ आणि स्त्रियांचे ३ प्रकार होते, लंडनमध्ये ५ आणि ५ झाले. एका फेररचनेने व्होसची हुकमी शर्यत गेली आणि त्याच फेररचनेने इतर कितीतरी स्त्रियांना दारे उघडली. प्रुदोमजी, सात-तीनचे पाच-पाच व्हायला एकच ऑलिंपिक पुरले. बायकांचे पाय त्या चार वर्षांत बदलले नव्हते. बदलला होता कार्यक्रमाचा कागद.

रस्त्यावर त्याच काळात तिचे जे झाले, ते दुसरीला मोडून टाकणारे होते. २००७ पासून २०११ पर्यंत, सलग पाच वर्षे, जागतिक अजिंक्यपद शर्यतीत ती दुसरी आली. स्टुटगार्ट, व्हारेझे, मेंद्रिझियो, जिलॉन्ग, कोपनहेगन. पाच देश, पाच रौप्यपदके. रौप्यपदक काही अपयश नसते, पण दरवर्षी त्याच पायरीवर उभे राहून दुसरीच्या देशाचे राष्ट्रगीत ऐकायला वेगळे बळ लागते. २९ जुलै २०१२ रोजी लंडनच्या पावसात ब्रिटनची लिझी आर्मिटस्टेड आणि रशियाची ओल्गा झाबेलिन्स्काया यांच्यासोबत ती घोळक्यापासून निसटली आणि बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या मॉलच्या रस्त्यावर आर्मिटस्टेडला मागे टाकून सुवर्ण जिंकले. ट्रॅक आणि रस्ता, दोन्हींवर ऑलिंपिक सुवर्ण. त्याच सप्टेंबरात स्वतःच्या देशात, व्हाल्केनबर्गला, विश्वविजेतेपदही परत आले. २०१३ मध्ये फ्लोरेन्सला ते तिने राखले.

इथे जरा थांबून थोर सायकलपटू एडी मर्क्सची आठवण काढू. व्होसला लोक त्याच्याच पंक्तीत बसवतात. मर्क्स आपली पहिली टूर १९६९ मध्ये जिंकला, वयाच्या २४ व्या वर्षी, आणि १९७४ पर्यंत पाच जिंकला. व्होसचे चोविसावे वर्ष म्हणजे २०११. त्या वर्षी तिने इटलीतली जिरो जिंकली, जी तेव्हा स्त्रियांसाठी जगातली सर्वांत मोठी अनेक दिवसांची शर्यत होती. २०१२ आणि २०१४ मध्येही तीच जिरो तिने जिंकली. डोंगर चढून उतरून, आठ-दहा दिवस आघाडी सांभाळून सबंध शर्यत जिंकण्याची कुवत तिच्यात होती, याला याहून वेगळा पुरावा काय हवा? आणि फ्रान्समध्ये? तिथली स्त्रियांची अनेक दिवसांची शर्यत आटत आटत २००९ मध्ये चार दिवसांवर आली, ब्रिटनची एमा पूली ती जिंकली आणि शर्यत बंद पडली. २०१० ते २०२१, बारा मोसम, टूरच्या तोडीचे काहीच नाही. व्होसचे वय या काळात २३ पासून ३४ पर्यंत गेले. मर्क्सच्या पाचही टूर याच वयात बसतात.

मर्क्सच्या नावापुढचा पाचाचा आकडा पाहून आपण त्याला थोर म्हणतो. व्होसच्या नावापुढे त्या रकान्यात शून्य आहे, आणि ते शून्य तिचे नाही.

‘बायकांना इतकी लांब शर्यत झेपणार नाही’ हे कारण आता कोणी उघडपणे देत नाही. ते देता येण्यासारखेही नाही, कारण उत्तर टूरच्याच इतिहासात आहे. १९८४ मध्ये स्त्रियांच्या टूरला १८ टप्पे होते. पुरुषांच्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, त्यांच्या काही तास आधी बायका धावत. अमेरिकेची मारियान मार्टिन ती जिंकली आणि पॅरिसमध्ये पुरुषांचा विजेता लोराँ फिन्यों याच्या शेजारी मंचावर उभी राहिली. पुढे इटलीच्या मारिया कानिन्सने दोनदा आणि फ्रान्सच्या जानी लाँगोने तीनदा ती जिंकली. १९८९ नंतर ते पर्व संपले. आज, चाळीस वर्षांनी, आपण नऊ टप्प्यांवर आहोत आणि त्याला प्रगती म्हणतो आहोत. २०१५ पासून तर फ्रान्समधल्या हौशी स्त्रियांचा एक गट दरवर्षी पुरुषांच्या टूरचा प्रत्येक टप्पा एक दिवस आधी पूर्ण करतो आहे. व्यावसायिक संघ नाही, बक्षीस नाही, तरी सगळा रस्ता त्या कापतात.

खरे कारण पैशांचे आहे, आणि ते आपण नेहमी स्पष्टपणे सांगितले आहे. ऐंशीच्या दशकातली टूर आर्थिक तोल न साधल्यामुळे बुडाली, म्हणून नवी शर्यत टिकाऊ पायावर उभी राहिली पाहिजे, ही आपली भूमिका. ती मला पटते. वाजतगाजत सुरू होऊन पाच वर्षांत बंद पडणारी शर्यत कोणालाच नको आहे. पण हा तोल साधण्याचा प्रयत्न कधी सुरू झाला, तेही आठवावे लागेल. २०१३ च्या जुलैत व्होस, एमा पूली, अमेरिकेची कॅथ्रिन बर्टीन आणि ट्रायथलॉनमधली क्रिसी वेलिंग्टन या चौघींनी आपल्याच नावे एक मागणीपत्र काढले. त्यावर ९७ हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पुढच्याच वर्षी ‘ला कूर्स’ ही एका दिवसाची शर्यत पॅरिसच्या शाँझेलिझेवर झाली. मागणी करणाऱ्या चौघींपैकीच एकीने ती जिंकली. ती व्होस होती. मागायला जमते आणि करूनही दाखवता येते, याचे असे उदाहरण खेळाच्या जगात फार सापडत नाही.

तिथून पूर्ण टूर यायला आणखी आठ वर्षे गेली. दरम्यान व्होसचा २०१५ चा जवळजवळ सगळा मोसम दुखापतीत आणि अतिश्रमाने आलेल्या थकव्यात गेला. ती परतली. २०१९ मध्ये पो शहरात ‘ला कूर्स’ पुन्हा जिंकली. २०२१ मध्ये स्त्रियांसाठी पहिल्यांदाच झालेल्या पॅरिस–रुबेमध्ये, चिखलाने माखलेल्या दगडी रस्त्यांवर, ती दुसरी आली. ती शर्यतही आपल्याच संस्थेची. तिथे जिंकलेल्या लिझी डाइनन, म्हणजे पूर्वाश्रमीच्या आर्मिटस्टेड, यांना १,५३५ युरो मिळाले आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांतला विजेता सोन्नी कोल्ब्रेली याला ३०,०००. दगड दोघांना तेच होते.

२४ जुलै २०२२ रोजी आयफेल टॉवरच्या पायथ्यापासून महिलांची टूर सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी प्रोव्हँला व्होसने टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी घेतली. पाचवा टप्पा बार-ल-दुकपासून साँ-दिये-दे-व्होज पर्यंतचा, १७५ किलोमीटरचा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने स्त्रियांच्या शर्यतीला घातलेल्या १६० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडचा असल्यामुळे आपल्याला त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली होती. आपण ती घेतली, याबद्दल आभार. तो टप्पा कोणी जिंकला? नेदरलँड्सच्याच लोरेना वीबसने, आणि व्होस, वयाच्या ३५ व्या वर्षी, पिवळ्या जर्सीत तिसरी आली. ज्या अंतराला नियमाने ‘जास्त’ ठरवले होते, त्या अंतराच्या शेवटी व्होसमध्ये स्प्रिंट शिल्लक होती. शर्यतीअखेर गुणांची हिरवी जर्सीही तिचीच होती. त्यानंतर धमनीच्या विकारामुळे शस्त्रक्रिया झाली, तरी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या रस्त्यावरच्या शर्यतीत ३७ व्या वर्षी तिने रौप्य मिळवले. बीजिंगच्या सुवर्णानंतर सोळा वर्षांनी.

म्हणून आता मागण्या नेमक्या शब्दांत.

पहिली, टप्प्यांची. महिलांची टूर उद्याच २१ टप्प्यांची करा असे मी म्हणत नाही. स्त्रियांचे संघ अजून लहान आहेत, राखीव खेळाडू कमी आहेत आणि तीन आठवड्यांचा भार पेलायला संघांना अंदाजपत्रके वाढवावी लागतील, याची जाणीव आहे. सगळ्या सायकलपटूंना लगेच तीन आठवडे हवेच आहेत, असेही नाही. पण संघ मोठे होतात ते पुढची शर्यत मोठी होणार हे ठाऊक असेल तर. प्रायोजक चार वर्षांचा करार करतो तो चार वर्षांचे चित्र दिसत असेल तर. ‘हळूहळू वाढवू’ या शब्दांवर कोणी पैसे लावत नाही. म्हणून वर्षे आणि आकडे हवेत: अमुक वर्षी बारा, अमुक वर्षी पंधरा. १९८४ चा अठराचा आकडा आपल्या शर्यतीच्या इतिहासात आहेच. निदान तिथवर परत जाण्याची तारीख तरी सांगा.

दुसरी, बक्षिसांची. २०२२ मध्ये स्त्रियांच्या टूरची एकूण बक्षिसे अडीच लाख युरोंची होती, पुरुषांची तेवीस लाखांच्या आसपास. टप्पे कमी म्हणून एकूण रक्कम कमी, हे एकवेळ समजू शकते. पण एका टप्प्याच्या विजयाचे मोल स्त्रीला ४,००० युरो आणि पुरुषाला ११,००० युरो, याला टप्प्यांच्या संख्येचे कारण लागू पडत नाही. आठ-नऊ टप्प्यांचा हा फरक भरून काढायला लागणारी रक्कम आपल्या आवाक्यातली आहे. हे पुढच्याच वर्षी होऊ शकते.

तिसरी मागणी आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आपला शब्द टाकण्याची. साँ-दियेचा टप्पा खास परवानगीने झाला. अंतराच्या मर्यादेला अपवाद मागत बसण्यापेक्षा ती मर्यादाच बदलावी, असे टूरच्या संचालकाने सांगितले तर त्याला वजन येईल. आम्ही सांगून ते येणार नाही.

यांपैकी काहीही आता मारियान व्होसच्या उपयोगाचे नाही. चाळिशी तिच्या समोर आहे आणि टूर जिंकण्याची तिची वर्षे परत मिळणार नाहीत. आपण तिला एखादा सन्मान द्याल, समारंभ कराल, ते योग्यच होईल. पण समारंभाने त्या बारा मोसमांची भरपाई होत नाही. भरपाईचा मार्ग एकच. आज अठरा-एकोणीस वर्षांची जी मुलगी ट्रॅकवर शंभर फेऱ्यांचा हिशेब शिकते आहे, तिला चोविसाव्या वर्षी कोणती टूर मिळणार आहे, हे आजच कळले पाहिजे. ती मुलगी नेदरलँड्सची असेल, मॉरिशसची असेल किंवा खंडाळ्याच्या घाटात सराव करणारी असेल. जिंकणे-हरणे ती तिच्या पायांवर ठरवेल. शर्यत असावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे, आणि २०१३ च्या त्या सह्यांचे उत्तर तेवढ्यानेच पूर्ण होईल.

वेळापत्रकाची वाट पाहतो आहे.

आपला,
महाराष्ट्रातला एक सायकलप्रेमी